प्रोबेशनवरचा माणूस ‘स्वभावाचाच’ असेल तर देखरेख कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यात प्रोबेशनचं काम नव्याने हाती घेतलेल्या एकांनी विचारलंय: मारामारीच्या केसमध्ये शिक्षेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीपत्रावर, म्हणजे बॉण्डवर, सुटलेला एक जण आहे, तिशीच्या आतला. पहिल्या महिन्यात ‘तुमच्यासारखा साहेब बघितला नाही’ म्हणायचा, आता ‘तुम्ही पोलिसांचे मिंधे’ म्हणतो. तारखेला येत नाही, भलत्याच दिवशी येऊन दारात उभा राहतो. हातावर ब्लेडचे वण आहेत, घरच्यांना ‘जीव देतो’ म्हणून धमकावतो. डॉक्टरांनी कागदावर ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ लिहून गोळ्या दिल्या आहेत. याला धारवाडच्या मनोरुग्णालयात भरती करायला लावावं, की कोर्टाला कळवून बॉण्ड मोडावा?

आत्ता दोन्हीही करू नका. भरतीने तातडीचा धोका टळतो, स्वभाव बदलत नाही. बॉण्ड मोडला तर तो हिंडलग्याच्या तुरुंगात जाईल आणि शिक्षा भोगून त्याच घरात, त्याच भाऊबंदांच्या समोर परत येईल. फरक एवढाच की तेव्हा त्याच्यावर कुणाचीच देखरेख नसेल. अशा माणसाला बरं करणं हे प्रोबेशन ऑफिसरचं काम नाही. तो आज कसाही वागला तरी पुढच्या सोमवारी तुम्ही तसेच असाल, त्याच वेळेला, त्याच आवाजात, त्याच नियमांसह, याची त्याला सवय लावणं हे काम आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त दमवणारं तेच आहे.

आधी निदानाचं बघू. व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे चार महिन्यांपूर्वी लागलेला आजार नव्हे. पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात दिसू लागलेली, वर्षानुवर्षं चाललेली आणि घर, काम, मित्र, पैसा अशा सगळीकडे आडवी येणारी वागण्याची पद्धत असेल, तरच डॉक्टर तो शब्द वापरतात. अमेरिकन वर्गीकरणात याचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या, २०२२ पासून लागू झालेल्या, ११व्या आवृत्तीत प्रकारांची नावं मागे पडली; विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे आधी ठरवायचं आणि मग कोणता पैलू ठळक आहे ते लिहायचं, अशी पद्धत आली. आपल्या कामाला हीच जास्त उपयोगी. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणायला वय १८ पूर्ण हवं आणि १५ वर्षांच्या आत वर्तनाच्या गंभीर तक्रारी सुरू झालेल्या हव्यात. तेव्हा एका मारामारीवरून कुणाला तो शिक्का लावता येत नाही. आणि हे लोक दुर्मिळ आहेत असंही समजू नका. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र करून आलेल्या लेखात पुरुष कैद्यांपैकी ६५ टक्क्यांना कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्व विकार आणि ४७ टक्क्यांना समाजविघातक प्रकारचा असल्याचं दिसलं होतं. त्या पाहण्या बहुतेक पाश्चात्त्य तुरुंगांतल्या, पण अंदाज यायला पुरेशा.

‘स्वभाव’ म्हणून सोडून देण्याआधी चार गोष्टी मात्र तपासून घ्या, कारण त्यांना उपचार आहेत आणि त्या हुबेहूब स्वभावासारख्या दिसतात. पहिली दारू. घरच्यांना विचारा, सलग पंधरा दिवस कोरडा असताना तो कसा वागतो? ‘तेव्हा देवमाणूस असतो’ असं उत्तर आलं तर आधी दारूकडे बघा. दुसरी डोक्याचा मार. बिनहेल्मेटचा बाइक अपघात, बेशुद्ध पडला होता का, किती वेळ, आणि ‘त्याच्यानंतर पोरगं बदललं’ असं आई म्हणते का? मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की माणूस तापट आणि बेफिकीर होतो. त्याला न्यूरॉलॉजीकडे पाठवायला हवं. तिसरी बायपोलर: आठवडाभर झोप नाही, पैसे उधळणं, मोठमोठ्या गप्पा, मग एकदम खाली बसणं. यात मूड दिवस-आठवडे टिकतो. बॉर्डरलाइन प्रकारात, म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकारात, तो एका फोनने तासाभरात फिरतो. चौथी फिट येणं, म्हणजे अपस्मार. या चारांतलं काही दिसलं तर तसं डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहा. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, हे त्यांना तुम्हीच सांगितलं नाही तर कुणी सांगत नाही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. विकार आहे म्हणून गुन्ह्यातून सुटका नाही. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे बीएनएसचं, कलम २२ (पूर्वीचं भादंवि ८४) कृत्याच्या वेळी ते कृत्य काय आहे किंवा ते चूक आहे हे कळण्याची कुवतच नव्हती, अशांसाठी आहे. या लोकांना ते पक्कं कळत असतं. आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या विचार, मूड, आकलन, भान, स्मृती यांतल्या मोठ्या बिघाडाची आहे. निव्वळ स्वभावाच्या निदानावर माणसाला त्याच्या मनाविरुद्ध भरती करता येईल असं धरून चालू नका. जीवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. ती पुढे येते.

निदान तुम्ही करायचं नाही आणि अहवालात त्याचा बडेजावही करायचा नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून आरोग्यसेवा आणि तुरुंग-प्रोबेशन खातं मिळून अशा गुन्हेगारांसाठी जी योजना चालवतात, तिच्यात शिरायलासुद्धा औपचारिक निदान लागत नाही. तिथे प्रोबेशन ऑफिसर आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसून ‘हा माणूस असा का वागतो, कशाने बिघडतो, कशाने शांत होतो’ याची मांडणी करतात. आपल्याकडे शेजारी बसायला मानसशास्त्रज्ञ नाही, पण मांडणी करायला कुणाची ना नाही.

त्यासाठी घरचौकशी. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अॅक्ट, १९५८ च्या कलम १४ प्रमाणे आरोपीची परिस्थिती आणि घरचं वातावरण तपासणं हे तुमचं कामच आहे. पण बऱ्याच अहवालांत ‘घर पक्कं, वडील मयत, आई मजुरी करते, वर्तन समाधानकारक’ एवढ्यावर घोडं पेंड खातं. त्यातून काही कळत नाही. विचारायचं ते असं: शाळा कितवीत सोडली आणि त्या वर्षी घरात काय झालं? आतापर्यंत किती ठिकाणी काम केलं, प्रत्येक ठिकाणचं शेवटचं भांडण कशावरून? पैसे कुणाकडून घेतो? सगळ्यात जास्त दिवस कुणाशी टिकून राहिला? मारामारीच्या आधीचे दोन दिवस कसे गेले? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो. आईला एकटीला भेटा, वहिनीला एकटीला भेटा. दोघींचं सांगणं जुळत नाही तिथे खरी माहिती असते. गल्लीत उभं राहून चौकशी करू नका. संध्याकाळच्या आत तालमीपासून मंडळापर्यंत बातमी जाते आणि पुढचे तीन महिने तो त्याचाच राग काढतो. त्याच्या नावाने राउडी शीट, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या यादीतली नोंद, उघडलं आहे का, तेही बघा. काहींना त्याची भीती असते, काहींना चक्क अभिमान. यांतलं कोणतं, हे कळलं की निम्मा माणूस कळला.

आता मांडणी कशी लिहायची ते एका कल्पित केसवर दाखवतो. वडगावचा २६ वर्षांचा यंत्रमाग कामगार. बारमध्ये मेव्हण्याच्या डोक्यात बाटली घातली, बीएनएसचं कलम ११८(१), पूर्वीचं भादंवि ३२४. कोर्टाने प्रोबेशन कायद्याच्या कलम ४ खाली दोन वर्षांचा बॉण्ड आणि सोबत देखरेखीचा हुकूम दिला. फुलस्केपच्या एका पानावर एवढंच लिहायचं:

‘वयाच्या नवव्या वर्षी वडील घर सोडून गेले, मामाकडे वाढला, तिथे मार खाल्ला. आपल्याला टाकून देणार असं वाटलं की आधी आपणच तोडतो. सहा ठिकाणची कामं सोडली, चार ठिकाणी मालकाने सगळ्यांसमोर बोलल्यावर. बायको माहेरी गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारू, मग हात कापणं किंवा मारामारी. घटनेच्या आदल्या दिवशी मेव्हण्याने “बहिणीला पाठवत नाही” म्हटलं होतं. थोरल्या बहिणीचं ऐकतो. पाळीवर असताना, म्हणजे हातात काम असताना, एकही तक्रार नाही. धोका: बायको माहेरी जाणे, चारचौघांत अपमान, पगार थकणे. उपयोगी: बहीण, रात्रपाळी टाळणे, मालकाशी आधी बोलून ठेवणे.’

या पानात ‘समाजविघातक’, ‘बॉर्डरलाइन’ असा एकही शब्द नाही आणि तरी पुढचे २४ महिने काय बघायचं ते सगळं आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत, बायको माहेरी जाण्याचे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या आठवड्यांत भेट वाढवा. बिघडल्यावर धावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

कोर्टात जाणारा अहवालही याच भाषेत लिहा. कलम ७ प्रमाणे तो गोपनीय असतो, पण कोर्टाला त्याचा मथितार्थ आरोपीला सांगता येतो आणि त्यावर त्याला पुरावा द्यायची संधी देता येते. म्हणून प्रत्येक वाक्य तो समोर बसून ऐकणार आहे असं धरून लिहा. ‘प्रवृत्ती गुन्हेगारी, सुधारण्याची शक्यता नाही’ हे तुमचं मत झालं. ‘तीन भेटी चुकवल्या, त्यांतल्या दोन बायको माहेरी असताना’ ही नोंद झाली, आणि कोर्टाला नोंदीच उपयोगी पडतात.

पहिल्याच भेटीत चौकट घालून द्या. कलम ४ सांगतं की कोर्टाने अटी आरोपीला समजावून द्यायच्या आणि त्याला, जामीनदारांना व प्रोबेशन ऑफिसरला एकेक प्रत द्यायची. आपल्या भागात प्रत कन्नडमध्ये असते आणि खानापूर-निपाणीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने ती घडी करून खिशात ठेवलेली असते. ती बाहेर काढायला लावा. एकेक अट मराठीत वाचून दाखवा आणि प्रत्येक अट त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्या; नुसतं ‘समजलं ना?’ विचारलं की ‘होय सर’ हेच उत्तर येतं. जामीनदारासमोर हेच पुन्हा करा. पुढे ‘मला कुणी सांगितलंच नाही’ या वाक्याने जो वेळ जातो तो वाचतो. संशयी स्वभावाच्या माणसाच्या बाबतीत तर हे फार मोलाचं, कारण न समजलेला कागद त्याच्या लेखी कटाचाच कागद असतो. भाषेचं राजकारण तो बोलायला लागला तर त्यात पडू नका, ना होकार ना वाद. ‘अट अशी आहे, ती तुम्हाला कळली का?’ एवढ्यावर परत या.

मग वार, वेळ आणि किती मिनिटं, हे ठरवून लिहून द्या. आठवड्याला एकदा, सोमवार, साडेदहा, तीस मिनिटं. चार महिने नीट गेले की पंधरवड्याला. भेट चांगली चालली म्हणून तास-तासभर बसवू नका; पुढच्या वेळी अर्ध्या तासात उठवलंत की तो त्याला हाकलणं समजतो. स्वतःचा खासगी नंबर देऊ नका. चहा पाजलात तर सगळ्यांना पाजता म्हणून पाजा, त्याला एकट्याला नाही. वयाने लहान असला तरी ‘तुम्ही’ म्हणा, आणि मुख्य म्हणजे चिडल्यावर ‘तू’वर उतरू नका. पोलीस ठाण्यात त्याला आयुष्यभर ‘तू’च ऐकायला मिळालंय, तुमचं ‘तुम्ही’ सुटलं की तो ‘आलात ना जागेवर’ म्हणून खूश होतो. खुर्ची अशी ठेवा की दाराची वाट त्यालाही मोकळी असेल आणि तुम्हालाही. टेबलावर पेपरवेट, पंच, कात्री नको.

आता तो साडेदहाऐवजी पावणेअकराला येतो, दारातूनच आवाज चढवतो: ‘माझ्या बायकोच्या भावाला तुम्हीच माझा पत्ता सांगितला!’ इथे तीन चुका होतात. ‘मी नाही सांगितला’ म्हणून सफाई देत बसणं, ‘आवाज खाली कर’ म्हणून दरडावणं, किंवा घाबरून ‘बसा बसा, चहा घ्या’ करणं. त्याऐवजी आवाज त्याच्यापेक्षा एक पायरी खाली ठेवून, छोट्या वाक्यांत: ‘तुम्ही चिडलेले दिसताय. ऐकायचंय मला. तुमची वेळ साडेदहाची होती, आता पंधरा मिनिटं आहेत. बसून सांगितलंत तर पंधराही मिनिटं ऐकतो. उभं राहून ओरडणार असाल तर आज इथेच थांबू आणि पुढच्या सोमवारी साडेदहाला भेटू.’ मग गप्प राहायचं. तो बसला तर आरोपाकडे लगेच वळायचं नाही. ‘हे डोक्यात कधी आलं? त्याच्या आधी काय झालं होतं?’ असं मागे मागे न्यायचं. दहातल्या सात वेळा त्या आधी घरात काहीतरी झालेलं सापडतं. तो निघून गेला तर त्याच्या मागे जाऊ नका, फोन करू नका. आलेली वेळ, गेलेली वेळ, बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा आणि पुढच्या सोमवारी साडेदहाला काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने नव्हे, तर ‘गेल्या वेळी असं झालं होतं, तिथूनच सुरू करू’ म्हणून बसा.

प्रकारांप्रमाणे थोडं वेगळं वागावं लागतं. समाजविघातक वळणाच्या माणसाला उपदेश म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला दुसऱ्याच्या दुःखाची आठवण करून देऊन फारसं काही होत नाही, त्याचा स्वतःचा फायदा दाखवा: ही दोन वर्षं निघाली तर कलम १२ प्रमाणे या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, नोकरीच्या अर्जात तोंड उघडायला जागा राहते. त्याचं बोलणं प्रत्येक वेळी कागदाने पडताळा. कामावर जातो म्हणाला तर हजेरीचं कार्ड किंवा पगाराची नोंद. यात संशयाचा सूर नको, सगळ्यांनाच मागतो म्हणून मागा. हे लोक तोंडावर गोड असतात, आणि ज्या भेटीनंतर तुम्हाला ‘काय हुशार पोरगा आहे’ असं वाटतं त्याच भेटीची नोंद जास्त काळजीने लिहा. इंग्लंड-वेल्समध्ये प्रोबेशनवरच्या अशाच पुरुषांवर, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायला शिकवणाऱ्या गट-उपचाराची मोठी चाचणी झाली आणि आक्रमकता कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे ‘यांचं काही होत नाही’ हेही खरं नाही.

आत्मप्रौढीच्या माणसाला चारचौघांत कधीही चूक दाखवू नका, एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. संशयी माणसाशी फार जवळीक दाखवू नका, तिचाही त्याला संशय येतो. जे करणार ते आधी सांगा आणि सांगितलं तेवढंच करा.

बॉर्डरलाइन वळणाचे लोक मात्र सगळ्यात जास्त शक्ती खातात. पुरुषाने हात कापून घेऊन भांडण केलं की त्याला ‘गुंड’ म्हणतात, बाईने तेच केलं की ‘नाटकी’. दोन्ही ठिकाणी मुळाशी सोडून दिलं जाण्याची भीती असू शकते, आणि पुरुषांत ती सर्रास सुटून जाते. तुमच्या रजेच्या आधी हे लोक बिघडतात. म्हणून रजा निदान दोन आठवडे आधी सांगा, मध्ये कोण बघेल त्याचं नाव सांगा, परत यायची तारीख कागदावर लिहून द्या. बदली झाली तर नव्या माणसाबरोबर एक भेट तिघांची घ्या.

‘जीव देतो’ हे वाक्य. दहाव्यांदा ऐकताना कंटाळा येतो, आणि नेमकं तेव्हाच चुकतं. वारंवार इजा करून घेणाऱ्यांचा आत्महत्येचा धोका खरोखर जास्त असतो. धमकी म्हणून म्हणतो आणि खरंच करतो, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात. दर वेळी तेच चार प्रश्न, त्याच शांतपणे विचारा: कसं करायचं ठरवलंय? साधन हाताशी आहे का? कधी? आज वेगळं काय झालं? विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते ही समजूत चुकीची आहे. बेत, साधन आणि वेळ तिन्ही ठरलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही: थोरल्या बहिणीला किंवा ज्याचं तो ऐकतो त्याला बोलवायचं, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या म्हणजे बिम्सच्या कॅज्युअल्टीला सोबत पाठवायचं. आपल्या खेड्यांत साधन म्हणजे बहुतेक वेळा फवारणीचं औषध. शेतकरी घर असेल तर पहिल्याच घरभेटीत विचारा की औषधाचा डबा कुठे असतो. तो कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी. एवढी एक गोष्ट जीव वाचवते, कारण हे लोक बहुतेकदा आवेगात हात घालतात आणि आवेग ओसरतो. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर बॉण्डच्या प्रतीवरच मोठ्या अक्षरात लिहून द्या. तो चोवीस तास चालतो.

सरकारी नोकराला त्याचं काम करू न देण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर बीएनएसचं कलम २२६ आहे, एक वर्षापर्यंतची साधी कैद. काही जण ते प्रोबेशनरच्या तोंडावर फेकतात. तसं करू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगतं, आणि तशी धमकी दिल्यावर पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणारच नाही.

अटी मोडल्या तर काय? इथे दोन टोकं दिसतात. एक जण सहा महिने पोटात घालतो आणि मग एकदम कंटाळून ‘बॉण्ड रद्द करावा’ लिहितो. दुसरा पहिल्याच गैरहजेरीला कोर्ट दाखवतो. दोन्हींमुळे त्या माणसाचं ‘शेवटी सगळे सारखेच’ हे जुनं मत पक्कं होतं. पायऱ्या पहिल्या दिवशीच लेखी सांगा. पहिली चूक: तोंडी, नोंदीसह. दुसरी: लेखी पत्र, जामीनदाराला प्रत. तिसरी किंवा कुणाला इजा, धमकी, हत्यार: थेट कोर्टाला कळवणं. कलम ९ खाली कोर्ट समन्स किंवा वॉरंट काढू शकतं. पहिलीच चूक असेल तर बॉण्ड तसाच ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करता येतो. १९५८ चा आकडा तसाच राहिलाय, त्यावर हसू येतं, पण तो दंड कोर्टाच्या तोंडून ऐकणं हीच त्यातली शिक्षा. दंड भरला नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते, हे त्याला आधी सांगून ठेवा. आणि कलम ८ विसरू नका: तुमच्या अर्जावर कोर्ट अटी बदलू शकतं, मुदत वाढवू किंवा कमी करू शकतं, मूळ हुकमापासून तीन वर्षांच्या वर न जाता. दारूची अट घालणं, राहायची जागा बहिणीकडे करणं, हे बॉण्ड मोडण्याआधी करून बघायचं असतं. जामीनदाराचंही म्हणणं ऐकलं जातं, म्हणून अर्जाआधी त्याच्याशी बोला.

सीमाभागाची एक खास अडचण आहे. निपाणीचा माणूस कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, खानापूरचा गोव्यात हॉटेलात, बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावचा चंदगडला सासरी. त्याच्या दृष्टीने हे घर-अंगण आहे, कागदावर दुसरं राज्य. राहण्याची अट असेल तर ये-जा करण्याबद्दल आधीच स्पष्ट लिहून घ्या: रोज जाऊन रात्री परत येणं चालेल, मुक्काम असेल तर किती दिवस आधी सांगायचं, कुणाचा पत्ता द्यायचा. नोकरी पक्की तिकडेच असेल तर कोर्टाकडे अटच बदलून मागा. कामावर असलेला माणूस सीमेच्या पलीकडे असला तरी रिकाम्या हातांनी चौकात बसलेल्यापेक्षा बरा. गोव्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे दारू स्वस्त आणि रोजची मजुरी रोख. दारूवर बिघडणाऱ्यासाठी उद्यमबागच्या फौंड्रीतला कमी पगारही परवडतो. उसाच्या हंगामात टोळीबरोबर फिरणाऱ्याच्या भेटी हंगामाप्रमाणे आखा, नाहीतर नोव्हेंबरपासून नुसत्या गैरहजेऱ्या लिहीत बसाल. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिवस) आसपास आणि मोठ्या मिरवणुकांच्या वेळी, कोणत्याही बाजूचा असो, आवेगी माणसाला त्या दिवसासाठी ठरलेलं काम किंवा गावाबाहेरच्या पाहुण्यांकडे जाणं असेल असं बघा.

उपचारांबद्दल वास्तव असं की व्यक्तिमत्त्व विकारावर थेट चालणारं औषध नाही. ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनाही समाजविघातक आणि बॉर्डरलाइन विकारासाठी नेहमीचा उपाय म्हणून गोळ्या देऊ नयेत असंच सांगतात. सोबत नैराश्य, व्यसन, झोपेचा त्रास असेल तर त्यासाठी गोळी. घरच्यांना हे सांगा, नाहीतर ‘एवढ्या गोळ्या खाऊन पण तसाच’ म्हणून त्या बंद होतात. झोपेच्या गोळ्यांचा महिन्याचा डोस एकदम घरी नको. आठवड्याचाच द्यावा अशी डॉक्टरांना विनंती करा, आणि ठेवायला बहिणीकडे. तालुका दवाखान्यात मनोचैतन्य या सरकारी योजनेच्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. सखोल तपासणीसाठी धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मनोरुग्णालय, बेळगावहून साधारण ७५ किलोमीटर. तिथे पाठवताना चिठ्ठी, घरचा माणूस आणि तुमचं ते एक पान, तिन्ही हवीत. एकट्याला पाठवलेला माणूस धारवाडच्या स्टँडवरून परत येतो. बॉर्डरलाइनसाठीची डीबीटी ही उपचारपद्धत नियमितपणे करणारे थोडे आहेत, पण तिच्यातली साधी युक्ती तुम्हीही शिकवू शकता: राग चढला की दहा मिनिटं जागा सोडायची, तोंडावर गार पाणी मारायचं, बहिणीला फोन, मग काय करायचं ते ठरवायचं. ती शांत भेटीत पाठ करून घ्यायची असते. भडकल्यावर शिकवून उपयोग नाही.

शेवटची अडचण तुमच्या बाजूची. असा माणूस आपल्याभोवतीच्यांचे दोन गट पाडतो. आईला सांगतो साहेब छळतात, तुम्हाला सांगतो वकील पैसे खातो, वकिलाला सांगतो पोलीस हप्ता मागतात. यांतलं काही खरंही असतं, म्हणून ऐकून तर घ्यायचं. पण त्यावर मत द्यायचं नाही. महिन्यातून एकदा आई, जामीनदार आणि ठाण्याचा बीट कॉन्स्टेबल यांच्याशी त्याला सांगून बोला, आणि काय बोललात ते त्याच्यासमोर वाचून दाखवा. दोन खुणा स्वतःत शोधत राहा: एखाद्याचीच फाइल तुम्ही घरी नेऊ लागलात, किंवा तो येणार त्या सकाळी तो न आला तर बरं असं वाटू लागलं. पहिल्यात तुम्ही त्याचे तारणहार झालेले असता, दुसऱ्यात शिक्षा करणारे. दोन्ही वेळा ती केस सहकाऱ्यासमोर मांडा. दुसरा माणूस दहा मिनिटांत बघतो ते आपल्याला दिसत नसतं.

बॉण्डचे शेवटचे तीन महिने सैल सोडू नका. सगळं सुरळीत चाललेलं असताना हे लोक नेमके तेव्हा घसरतात. देखरेख संपणं हे त्यांना पुन्हा सोडून दिलं जाण्यासारखं लागतं आणि भेटी चुकवून ते आधीच तोडायला बघतात. २१व्या महिन्यातच शेवटची तारीख कॅलेंडरवर दाखवा, पंधरवड्याच्या भेटी महिन्यावर न्या, पुढे कुणाकडे जायचं ते नावानिशी ठरवा: मंगळवारची ओपीडी, बहीण, मालक. अंतिम अहवालात चुकलेल्या भेटी लपवू नका, पण चुकल्यावर किती दिवसांत परत आला तेही लिहा. पहिल्या सहामाहीत तीन आठवडे गायब आणि शेवटच्या सहामाहीत दोन दिवस, ही अशा माणसातली मोठी सुधारणा आहे, आणि आकड्यात लिहिली तरच ती कोर्टाला दिसते.